बेनाव शिपायांची ओळख आणि ग्वाल्हेरच्या पलटणी

लष्करातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात 'पणजोबा मिसरला (इजिप्तला) गेले ते आलेच नाहीत' एवढंच ठाऊक असेल, तर त्यांचा माग काढायचा कुठून? थडग्यापासून, असं आपण धरून चालतो. ग्वाल्हेरपुरतं तरी ते खरं नाही.

पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर संस्थानच्या शिंदे सरकारच्या इन्फंट्रीचे (पायदळाचे) शिपाई नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर चालून गेलेल्या फौजेत होते. दुसरी तुकडी अलवर आणि पतियाळाच्या शिपायांबरोबर सुएझ कालव्याच्या राखणीला होती. महाराज माधवराव शिंद्यांनी 'लॉयल्टी' हे इस्पितळ-जहाजही दिलं होतं.

त्या काळी ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करायला सोबती तो काढून नेत, आणि नंतर प्रेत सापडलं तर ते कुणाचं हे सांगणारं काही उरत नसे. सप्टेंबर १९१६ मध्ये दोन बिल्ले आले, हिरवा प्रेतापाशी ठेवायचा आणि लाल कचेरीत पाठवायचा. युद्ध संपल्यावर शोधपथकं बटणं, बूट, क्रमांक कोरलेले चमचे यांवरून नावं जुळवत फिरली. पण हिंदू आणि शीख शिपायांना शक्य तिथे रीतीप्रमाणे अग्नी दिला जाई. तिथे हाडं जुळवायचा प्रश्नच नव्हता. माणूस उरायचा तो फक्त यादीत.

आणि याद्यांमध्येच अन्याय झाला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धस्मारक आयोगाचं (आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) तत्त्व होतं, हुद्दा किंवा धर्म न पाहता प्रत्येक मृताचं नाव राखायचं. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर १९२७ मध्ये ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं कोरली गेली. दोनच वर्षांनी इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर मात्र नावं लागली ती गोऱ्यांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची. साध्या भारतीय शिपायांची, म्हणजे ३३,००० हून जास्त माणसांची, पलटणवार नुसती संख्या दिली. ही नावं हरवली नव्हती, कोरायची नाहीत असं ठरवलं गेलं होतं. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त सलतं ते हे.

इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू-शीख जवानांचं दहन झालं. १९२१ मध्ये तिथे स्मारक म्हणून दगडी छत्री उभी राहिली, नावं लागायला २०१० उजाडलं. सुएझपाशी पोर्ट तौफिकचं १९२६ चं स्मारक इस्रायल-इजिप्त संघर्षात उद्ध्वस्त झालं आणि १९८० मध्ये कैरोजवळ हेलिओपोलिसला त्याच्या बदली दुसरं उभारलं. अखेर २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी समितीने मान्य केलं की किमान १,१६,००० मृतांची, बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या, नावानिशी, किंवा कदाचित मुळीच, आठवण ठेवली गेली नाही. हा आकडा ३,५०,००० पर्यंत असू शकतो. आयोगाने माफी मागितली.

आज डीएनए हाताशी आहे. इटलीत १९९६ मध्ये सापडलेल्या अवशेषांवरून १९४४ मध्ये बेपत्ता झालेल्या हरियाणाच्या दोन जवानांचा छडा लागला, आणि २०१९ मध्ये त्यांच्या अस्थी घरी आल्या. फ्रान्समध्ये २०१६ मध्ये सापडलेल्या दोघांच्या खांद्यावर '३९' हा आकडा होता, त्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे ठरले. पलटण कळली, नावं नाही.

ज्यांना अग्नी मिळाला त्यांच्यासाठी कागदच धुंडाळावे लागतात. घरात इनाम-निवृत्तिवेतनाचे कागद असतील, कदाचित मोडी लिपीत, तर पलटणीचा क्रमांक आणि गावाचं नाव आधी तिथे पाहावं. नाव एकटं पुरत नाही, एकाच पलटणीत एका नावाचे अनेक शिपाई असू शकतात. मग आयोगाच्या ऑनलाइन नोंदीत नावाची निरनिराळी रोमन स्पेलिंगं घालून पाहावीत. शिंदे, सिंधिया, सिंदे, सगळी. संस्थानं विलीन झाल्यावर चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री कुमाऊँ रेजिमेंटची १४ वी पलटण झाली, तेव्हा त्या पलटणीच्या कुटुंबांनी विचारणा करताना ते नावही सांगावं.