उपज, जॅझ व ब्लूजमधील

जॅझ आणि ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी संगीतात वादक ठरलेल्या चक्रावर ऐनवेळी नवी स्वरवाक्ये रचतो. ही उपज दोन वाटांनी शिकतात : स्वरसिद्धांताचा अभ्यास आणि नामवंत वादकांची ध्वनिमुद्रित सोलो (एकट्याने वाजवलेले उपजेचे भाग) कानाने उतरवून पाठ करणे. दुसरी वाट जुनी, आणि आजही तीच पायाभूत मानावी लागते.

ब्लूजचे रूढ आवर्तन (कोरस) १२ बारांचे असून प्रत्येक बार ४ मात्रांचा असतो. त्यात षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभ्या राहणाऱ्या तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ठरलेल्या क्रमाने येतात. जॅझवादक मधल्या जागी आणखी कॉर्ड घालतात. चक्राची लांबी मात्र सहसा बदलत नाही.

उपजेचे मुख्य द्रव्य म्हणजे ‘ब्लू नोट’, अर्थात खाली झुकणारे गंधार व निषाद. काही अभ्यासक पंचमही त्यांत धरतात. त्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. आफ्रिकी पंचस्वरी गायकी युरोपीय सप्तकात बसवताना या स्वरांच्या जागा डळमळल्या, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. गेरहार्ड कुबिक (१९९९) यांनी मूळ पश्चिम आफ्रिकेच्या सुदानी पट्ट्यातील (सहाराच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशातील) गायनपरंपरांत शोधले आणि नैसर्गिक स्वयंभू स्वरांच्या (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या उपस्वरांच्या) श्रेणीकडे लक्ष वेधले. या श्रेणीतील सातवा स्वर पियानोच्या कोमल निषादापेक्षा सुमारे ३१ सेंट खाली पडतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). कुबिक यांची मांडणी निषादाबाबत अधिक पटण्याजोगी आहे. गंधाराबाबत जेफ टॉड टायटन (१९७७) यांचे निरीक्षण महत्त्वाचे ठरते. ग्रामीण ब्लूजच्या जुन्या ध्वनिमुद्रिका तपासून त्यांनी गंधार हा एक बिंदू न मानता कोमल व शुद्ध यांच्यामधला पट्टा मानला. आंदोलित गंधार ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाठ्यपुस्तकांत छापली जाणारी सहा स्वरांची ‘ब्लूज स्केल’ (सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि) या पट्ट्याची केवळ खूण आहे. तेवढ्यावर विसंबणाऱ्याचे वादन सपाट राहते.

सोलो छापून शिकवण्याचा एक आरंभीचा प्रयत्न १९२७ चा आहे. शिकागोच्या मेलरोझ प्रकाशनाने जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या वादनावरून कॉर्नेटसाठी (ट्रम्पेटसारखे वाद्य) दोन पुस्तके काढली. ज्या मुद्रणांवरून ती उतरवली, ती आज उपलब्ध नाहीत. आर्मस्ट्राँगचे ‘वेस्ट एंड ब्लूज’ (२८ जून १९२८) अभ्यासात कायम राहिले आहे. त्याचा साथीविना वाजवलेला आरंभ जितका गतिमान, तितकाच शेवटच्या आवर्तनाच्या सुरुवातीला सुमारे चार बार धरून ठेवलेला एकच तार स्वर धीराचा. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने १९३७ च्या उन्हाळ्यात मिसूरीतील ओझार्क भागात ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची सोलो पाठ केली, असे सहकाऱ्यांच्या आठवणींवरून दिसते. पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांना अशी सोलो आधी गायला लावत आणि मगच वाद्य हाती घेऊ देत. टॉमस ओवेन्स यांनी १९७४ च्या प्रबंधात पार्करची सुमारे २५० सोलो तपासून त्यांत जवळपास १०० आवर्ती स्वरवाक्ये दाखवली. या सामग्रीमुळे पार्करची प्रतिभा उणावत नाही. ती कशातून घडली, हे कळते.

स्वतंत्र सिद्धांत नंतर आला. जॉर्ज रसेल यांची लिडियन मोड (तीव्र मध्यमाचे सप्तक, साधारण कल्याण थाट) पायाभूत मानणारी लिडियन संकल्पना १९५३ ची. ‘सो व्हॉट’ (माइल्स डेव्हिस, १९५९) ३२ बारांचे असून त्यात डोरियन मोड (साधारण काफी थाट) दोनच षड्जांवर येतो. त्याच वर्षीच्या जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये षड्ज गंधाराच्या अंतराने झपाट्याने बदलतो. तेथे कॉर्डचे गणित आधी पक्के करावे लागते.

मुंबईत १९३५ मध्ये अमेरिकी जॅझवादक लिऑन ॲबीचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्यातील चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी जॅझ मुख्यतः अशा वृंदांतून व ध्वनिमुद्रिकांवरून उचलला. त्यांपैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (आंतोनियो झेवियर वाझ) आर्मस्ट्राँगच्या शैलीसाठी प्रसिद्ध होते, सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही त्यांचा सहभाग होता.