तूस, करपा आणि भाताची रसायनं : थोडी पार्श्वभूमी

श्रावण सरत आला की सरद, म्हणजे पावसाळी, भाताच्या एखाद्या पानावर डोळ्याच्या आकाराचे डाग दिसू लागतात. मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. हा करपा, भाताचा बुरशीचा रोग. बांधापलीकडच्या कुणग्यात दुसरं वाण असेल, तर कधी कधी त्याच्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके तेवढे पडतात आणि रोग तिथेच अडतो. आपण म्हणतो, वाण दणकट आहे. प्रत्यक्षात त्या ठिपक्यात झाडाने बुरशीभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकलेल्या असतात आणि आसपासच्या जिवंत पेशींत बुरशीला बाधणारी रसायनं तयार केलेली असतात.

झाड हल्ला झाल्यावर औषध तयार करतं, ही कल्पना १९४० सालची. जर्मनीत म्युलर आणि बोर्गर बटाट्यावर काम करत होते. ज्या जागी बुरशीचा न बाधणारा प्रकार आधी लावला, त्याच जागी नंतर बाधणारा लावला तरी तो वाढेना. मधल्या वेळात झाडाने काहीतरी बनवलं असणार, एवढाच त्यांचा तर्क. त्या ‘काहीतरी’ला त्यांनी ‘फायटोअलेक्सिन’ असं नाव दिलं. पदार्थ हातात नव्हता, नाव मात्र पक्कं झालं. त्यातला पहिला पदार्थ वेगळा काढायला १९६० उजाडलं, तोही वाटाण्यातून. भाताची पाळी त्याहून उशिरा आली.

धान्यांच्या रसायनांचा धागा मात्र त्याआधीचा आहे. तो पकडला गेला तो बहुतेकदा भलतंच काही शोधताना. घाटावरच्या लोकांना ज्वारीचं सांगायला नको. कोवळी, पाण्याला ताणलेली ज्वारी गुरांनी खाल्ली तर गुरं तडफडून मरतात. १९०२ मध्ये लंडनच्या डन्स्टन आणि हेन्री यांनी ज्वारीतून ‘धुरिन’ वेगळं काढलं. नाव पडलं ज्वारीच्या ‘दुरा’ या अरबी नावावरून. धुरिन स्वतः गप्प असतं. ते फोडणारं विकर (एन्झाइम) झाडात वेगळ्या जागी ठेवलेलं असतं. पान चावलं की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पीक पिकत जातं तसं हे प्रमाण उतरतं, म्हणून घाटावरून आपल्या गोठ्यांत येणारा कडबा निर्धास्त घालता येतो.

बार्लीची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, जरी आपल्या गोव्यात बार्ली कुणी पेरत नाही. १९३०च्या दशकात स्वीडनमध्ये फॉन ऑयलर हे हिरवेपणा गमावलेली बार्लीची रोपं अभ्यासत होते. त्यांत ‘ग्रामीन’ नावाचा पदार्थ सापडला. एर्टमन यांनी तो प्रयोगशाळेत बनवायला घेतला. बनला त्याचा जवळचा भाऊबंद, आणि चव घेतल्यावर जीभ बधिर झाली. त्या बधिरपणाचा माग काढत लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन बनवलं. म्हापशाला दात काढायच्या आधी हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्याची मुळं अशी बार्लीच्या फिकट पानात आहेत. ग्रामीन मावा किडीला आवडत नाही, हे पुढे कळलं. आणि पिकवल्या जाणाऱ्या बार्लीच्या कितीतरी वाणांत ते उरलेलंच नाही, हेही.

राय हे थंड प्रदेशातलं, गव्हासारखं धान्य. त्याचं आणि मक्याचं रसायन एकाच घराण्यातलं. फिनलंडच्या विर्टानेन यांच्या प्रयोगशाळेने १९५५ मध्ये रायच्या रोपांतून बुरशीविरोधी पदार्थ काढला. मक्यातला त्याचा नातलग म्हणजे ‘डिम्बोआ’. तोही साखरेला बांधून निजवून ठेवलेला असतो, अळीने चावलं की जागा होतो. पण शत्रूही शिकतो. २०१८ मध्ये शिवमोग्यात भारतात पहिल्यांदा आढळलेली अमेरिकन लष्करी अळी हे विष पोटात गेल्यावर त्याला पुन्हा साखर जोडते, तीही उलट्या बाजूने. मग मक्याच्या विकराला ती गाठ सोडवता येत नाही.

आता भात. पिकवल्या जाणाऱ्या भाताला डिम्बोआ बनवता येत नाही, त्याने वेगळाच रस्ता धरला. १९७३ मध्ये जपानी संशोधक ‘कोशिहिकारी’ या वाणाचं तूस तपासत होते. तुसात बीजाची उगवण रोखणारं काय असतं, एवढाच त्यांचा प्रश्न. आपण तूस कोंबड्यांच्या खुराड्यात पसरतो, चुलीत घालतो, गिरणीबाहेर ढीग सोडून देतो. त्यांना त्यात दोन नवे पदार्थ मिळाले : मोमिलॅक्टोन ए आणि बी. ‘मोमी’ म्हणजे जपानीत सालीसकटचं भात. आठ वर्षांनी, १९८१ मध्ये, इंग्लंडमधल्या कार्टराइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की करपा पडलेल्या पानातही हेच मोमिलॅक्टोन जमतात. तुसातलं आणि डागाच्या कडेचं रसायन एकच निघालं! पुढे आणखी पदार्थ सापडले. त्यातलं साकुरानेटिन तर चेरीच्या झाडावरून नाव घेतलेलं. गंमत अशी की मोमिलॅक्टोन आणि भाताची उंची वाढवणारं जिबरेलिन ही दोन्ही एकाच कच्च्या मालातून बनतात. एक फाटा वाढीकडे जातो, दुसरा भांडणाकडे.

आपल्या कोरगुटाचा लाल कोंडा हेही रसायनच. खाजनातल्या खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या या भाताच्या दाण्यावर प्रोअँथोसायनिडिनचा थर असतो. उकड्या तांदळाच्या पेजेला तांबूस झाक येते ती त्याचीच. पांढरा तांदूळ कुठून आला याचा उलगडा २००६ मध्ये झाला. ‘आरसी’ नावाच्या जनुकातली डीएनएची अवघी १४ अक्षरं गळाली आणि लाली गेली. माणसाने तेच बियाणं राखलं, पसरवलं. याच जनुकाचा बीजाच्या सुप्तावस्थेशीही, म्हणजे पिकल्यावर लगेच न उगवण्याशीही, संबंध आहे, असं रानटी लाल भातावर दिसून आलं आहे. कापणीच्या तोंडावर आडवा झालेला भात पावसात शेतातच अंकुरलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या संबंधाचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही. लाल तांदळाला गरिबाचं अन्न म्हणून नाकं मुरडणाऱ्यांची पिढी अजून आपल्यात आहे. आता तोच दुकानात दुप्पट भावाने घेताना तीच नाकं कशी सरळ होतात, हा वेगळा विषय.

मोमिलॅक्टोन मुळांतूनही झिरपतं आणि शेजारच्या तणाची वाढ रोखतं. २०१२ मध्ये ते बनवणारी जनुकं निकामी केलेली रोपं वाढवून हे पडताळलं गेलं. आणि २०१७ मध्ये त्याच तणाचा, भातात माजणाऱ्या रानसाव्याचा, जनुकसंच वाचून झाला. त्यात मोमिलॅक्टोनची जनुकं होती. भाताकडे नसलेली डिम्बोआची जनुकंही होती. भाताच्या शेजारी रोवलं की तण ही डिम्बोआ बनवणारी जनुकं अधिक चालवतं.

रूपानेही ते भाताची नक्कलच. लावणीनंतर भांगलायला उतरलेल्या बायका मात्र फसत नाहीत. पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यात भाताला एक पातळ पापुद्रा असतो, रानसाव्याला नसतो. चिखलाच्या बोटांनी बेचकं चाचपतात, पापुद्रा लागला नाही की उपटून बांधावर टाकतात.