आगळ आणि अमृत कोकम: दिसायला सारखं, वापरायला वेगळं

मे महिन्यात गावाहून परतणाऱ्या कोकणी माणसाच्या सामानात दोन लाल बाटल्या हमखास असतात. एकीत आगळ, म्हणजे मीठ लावलेला रस, दुसरीत अमृत कोकम, म्हणजे सरबताचा गोड पाक. दोन्ही रातांब्याचीच, म्हणजे कोकमाच्या फळाची, पण चिठ्ठी लावलेली नसली की गोंधळ ठरलेला. माझ्या मावसबहिणीने एकदा भर दुपारी पाहुण्यांसाठी आगळाचं सरबत केलं. साखरेवर साखर घातली, तरी खारटपणा जाईना.

फरक कळतो तो बरणी भरताना. रातांबा मधोमध चिरायचा, बोटाने बिया आणि गर वेगळा काढायचा. हे काम आमच्याकडे मुलांचं. दोन दिवस त्यांची नखं लाल असतात. उरलेल्या साली छोट्या वाट्यांसारख्या दिसतात. अमृत कोकमासाठी या वाट्यांत साखर दाबून भरायची, बरणीत थरावर थर रचायचे, तोंडाला दादरा, म्हणजे पातळ फडकं, बांधायचा आणि आठवडाभर उन्हात ठेवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. साखरच सालीतला रस ओढून घेते आणि तळाला दाट पाक जमतो. सालींच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट साखर लागते.

आगळात साखर नसतेच. रातांब्याच्या रसाला किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ लावतात, काही दिवस रोज ढवळतात आणि गाळून भरतात. सोलकढी होते ती याची. माशाच्या कालवणात, आमटीत आंबटपणाला हेच. अमृत कोकम मात्र पाच-सहापट पाणी आणि चिमूटभर जिरेपूड घालून प्यायचं. ओळखायचं असेल तर बाटली तिरपी करा: अमृत कोकम काचेला चिकटत सावकाश उतरतं, आगळ पाण्यासारखं पळतं.

आता तब्येतीचं. ‘घरचं आहे, कितीही प्या’ हे मला पटत नाही. दोन मोठे चमचे अमृत कोकम म्हणजे साधारण वीस-पंचवीस ग्रॅम साखर. दोन चहाचे चमचे आगळ म्हणजे दीड-दोन ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणून मधुमेह असलेल्या आजोबांसाठी अमृत कोकमाची बाटली उघडू नये, आणि रक्तदाब असलेल्या आजीच्या सोलकढीत वरून मीठ टाकू नये.

मग बरणीतच साखर कमी करावी, असं वाटतं. तिथे फसायला होतं. ही साखर आणि हे मीठ चवीपुरतं नसतं, टिकण्यासाठी असतं. साखर कमी पडली की पावसाळ्यात पाक फसफसतो, वर फेस धरतो, आंबूस वास येतो. कमी साखरेचं करायचंच असेल तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. नाहीतर बरणी नेहमीसारखी भरा आणि हात ग्लासात आखडता घ्या.

हंगामात घरी रातांबे असतील तर मला तिसरी वाट सगळ्यात आवडते: ताज्या साली अर्धा तास पाण्यात ठेवून हातानेच कुस्करायच्या, गाळायचं, किंचित मीठ आणि गूळ ज्याचा त्याने आपापल्या ग्लासात घालायचा. हे टिकत नाही, त्याच दिवशी प्यायचं. एरवी आमसुलं रात्री भिजत घालूनही असं पाणी होतं.

भांडं मात्र काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ या आंबटाला चालत नाही. आणि बाटल्या भरल्या की त्याच वेळी मुलांकडून नाव आणि तारीख लिहून चिकटवून घ्या.