गाठीकडे धावलेले तंतू

१९५२ साली इटालियन शास्त्रज्ञ रिटा लेव्ही-मोंटालचिनी अमेरिकेहून रिओ दि जानेरोला गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत दोन उंदीर होते. दोघांच्याही अंगात कॅन्सरची गाठ. तिचा तुकडा कोंबडीच्या गर्भात रुजवला की गर्भाचे मज्जातंतू वेड्यासारखे वाढतात, अगदी शिरांतही घुसतात, हे बाईंनी आधीच पाहिलं होतं. रिओत त्यांनी गाठीचा तुकडा आणि चेतापेशींचा पुंजका काचेवर जवळजवळ ठेवले. बघता बघता पुंजक्याभोवती तंतूंचं दाट वलय उभं राहिलं. गाठीतून काहीतरी झिरपत होतं. ते 'काहीतरी' म्हणजे मज्जातंतूंना वाढवणारं प्रथिन, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ. १९८६ साली याच कामासाठी त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना नोबेल मिळालं.

एनजीएफ सापडला तो गाठीमुळे, पण पुढे त्याचा अभ्यास झाला मुख्यतः मज्जासंस्थेच्या अंगाने. तंतूंना जवळ बोलावून गाठीचा काय फायदा, हा प्रश्न बराच काळ मागे पडला. मला तरी हे नवलच वाटतं, कारण दुसरा धागाही कॅन्सरमधूनच निघाला होता. मोठ्या आतड्याच्या एका गाठीत सापडलेल्या 'ट्रक' या जनुकाची रचना त्याच १९८६ साली उलगडली. पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, एनजीएफ चिकटतो, तो या जनुकापासून बनतो, हे १९९१ मध्ये कळलं. त्या गाठीत हे जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडलं गेलं होतं. दारावर कोणी नसताना बेल अडकून वाजत राहावी, तसा एनजीएफ नसतानाही पेशीला 'वाढ' असा निरोप जात होता.

जठरात मामला वेगळा. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं ते असं: मज्जातंतू ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात, त्याने जठराच्या अस्तरातल्या पेशी एनजीएफ बनवतात, एनजीएफमुळे तंतू आणखी फोफावतात आणि आणखी ॲसिटिलकोलीन येतं. मेंदूतून जठरापर्यंत येणारी व्हेगस नर्व्ह कापली किंवा बोटॉक्स टोचून तंतू गप्प केले, की गाठींची वाढ मंदावते.

मग सगळीकडे नर्व्ह कापून टाकावी का? नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तीच व्हेगस कापल्यावर उंदरांमधला आजार उलट बळावला. तिथे आगीत तेल ओततात ते ताणतणावात चेतणारे सिंपथेटिक तंतू.

औषधांचं म्हणाल तर अडकलेली बेल बंद करणारं लॅरोट्रेक्टिनिब २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालं, तेही गाठ कुठल्या अवयवात आहे हे न पाहता, फक्त जनुकातला बिघाड बघून. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असा बिघाड शंभरात एकालाही नसतो. एनजीएफलाच अडवणाऱ्या अँटिबॉडीने संधिवाताच्या चाचण्यांत वेदना कमी केल्या, मात्र काहींचे सांधे झपाट्याने झिजले.

स्वादुपिंडाची गाठ काढल्यावर तिची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली जाते. मधोमध मज्जातंतूचा गोल छेद आणि त्याला वेढून, कधी त्याच्या आवरणाच्या आत शिरून बसलेल्या कॅन्सरपेशी. रिपोर्टमध्ये याला 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' म्हणतात आणि या कॅन्सरमध्ये बहुतेक रुग्णांच्या रिपोर्टवर ते असतं. पोटातून थेट पाठीत जाणारी कळ बऱ्याचदा याच वाटेने येते. पेशीही याच वाटेने सटकतात, सर्जनच्या सुरीच्या पलीकडे.