फर्नांडिस की फर्नांडेझ?

ब्रुनो फर्नांडिस पोर्तुगालचा, एन्झो फर्नांडेझ अर्जेंटिनाचा. दोघेही फुटबॉलच्या मधल्या फळीत खेळणारे, त्यामुळे मराठीत लिहिताना आडनावांची सहज अदलाबदल होते. रोमन लिपीत एकाच्या शेवटी एस आहे, दुसऱ्याच्या शेवटी झेड. एस पोर्तुगीज, झेड स्पॅनिश.

अर्थ दोन्हींचा एकच, फर्नांदोचा मुलगा. फर्नांदो हे नाव मूळचं जर्मानिक, म्हणजे जर्मनच्या भाषाकुळातलं; ७११ पर्यंत आयबेरियावर (आजच्या स्पेन-पोर्तुगालवर) राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ लोकांमुळे तिथे रुजलेलं. त्यातल्या दुसऱ्या पदाचा अर्थ धाडस. पहिल्याचा कुणी प्रवास लावतात, कुणी शांतता. मध्ययुगात हे आडनाव नव्हतंच. आपल्या मधल्या नावासारखं ते दर पिढीला बदलायचं: फर्नांदोचा मुलगा रॉड्रिगो फर्नांडिस, आणि त्या रॉड्रिगोची मुलं रॉड्रिग्ज. पुढे हे बदलणं थांबलं आणि कुठल्या तरी एका पूर्वजाचं नाव घराण्याला कायमचं चिकटलं.

कानावर मात्र भरवसा ठेवू नये. लिस्बनमध्ये शेवट 'श'सारखा ऐकू येतो, माद्रिदमध्ये 'थ'सारखा, आणि ब्युनोस आयर्समध्ये झेड असूनही चक्क 'स'. त्यापेक्षा लिहिलेलं नाव बघावं. स्पॅनिशमध्ये मधल्या 'आ'वर एक छोटी तिरकी रेघ असते. झेडने संपणाऱ्या शब्दात जोर शेवटच्या उच्चारखंडावर जातो, इथे तो 'नान'वर हवा, म्हणून ही रेघ. पोर्तुगीजमध्ये जोर आपसूकच 'नान'वर पडतो, रेघ लागत नाही.

स्पॅनिशमध्ये आणखी एक गंमत घडली. शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' बऱ्याच ठिकाणी 'ह' झाला, आणि मग तोही उच्चारातून गेला. पिठाला पोर्तुगीज 'फारिन्या' म्हणतात, स्पॅनिश 'आरिना'. तसाच फर्नांडेझचा सख्खा भाऊ एर्नांडेझ. पोर्तुगीजांनी 'फ' सोडला नाही, म्हणून आपल्या किनाऱ्यावर फर्नांडिस भेटतात, एर्नांडेझ नाही.

हे नाव इथे आलं ते पोर्तुगीज सत्तेबरोबर: गोव्यात १५१० पासून, वसईत १५३४ ते १७३९. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा धर्मगुरूचं आडनाव मिळायचं. त्यामुळे गोव्याच्या किंवा वसईच्या फर्नांडिसांना "तुमचे पूर्वज पोर्तुगीज का हो?" असं विचारू नये. त्यांचे पूर्वज याच मातीतले, फक्त आडनाव समुद्रापलीकडचं. एकाच वाड्यातली दोन फर्नांडिस घरं नात्यातली असतीलच असंही नाही.

किनाऱ्याने आणखी दक्षिणेला गेलं की काही कुटुंबं शेवटी झेड लिहितात. तिथे स्पेनचा संबंध जोडायचा नाही. नाव पोर्तुगीजांकडूनच आलेलं, फक्त लिहिण्याची रीत वेगळी.