डोक्यावरचा स्लॅब, बिलातला स्लॅब

नागपुरात शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. सूर्य मावळून चार तास झाले तरी स्लॅब गरमच लागतो. पाच-सहा इंच जाडीचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास घेतं. पंखा लावला, तर तो छताखालची तीच हवा अंगावर ढकलतो.

मग माणूस एसीच्या दुकानात जातो. माझ्या मते तिथे सगळ्यात शेवटी जावं. दहा बाय बाराची खोली घ्या. गच्ची उन्हाने ५५ अंशांवर तापली आणि आत २८ अंश ठेवायचे असतील, तर एवढ्याशा छतातून ढोबळमानाने एक किलोवॉट उष्णता आत येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची पावपेक्षा जास्त ताकद नुसती छताशी झुंजण्यात जाते.

म्हणून आधी छत. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला की बरंचसं ऊन आल्या वाटेने परत जातं. पावसात चुना धुपतो, त्यामुळे दर फाल्गुनात नवा हात. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक जास्त टिकतं. वॉटरप्रूफिंगचं काम काढलंच असेल, तर त्यातच उष्णतारोधक थर टाकून घ्या. घरांमधली ऊर्जा वाचवण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या नियमावलीने, म्हणजे २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’ने, छतासाठी घातलेल्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता उघडा स्लॅब आत सोडतो.

पश्चिमेच्या खिडकीला आपण आतून पडदा लावतो, म्हणजे ऊन काचेतून घरात आल्यावर! छज्जा, बांबूची चटई, काय असेल ते बाहेरून हवं.

पंख्यांचं गणित सोपं आहे. साधा पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ‘बीएलडीसी’ पंखा ३०च्या आसपास. रोज १५ तास चालणारे तीन पंखे बदलले की महिन्याला ६० युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांनंतर चढत जातो. ३५० युनिटांचं बिल २९०वर आलं, की महागड्या स्लॅबमधली सगळी युनिटं गेली.

आता एसी. दीड टनाचा विचार होता तिथे बहुधा एक टन पुरेल. गरजेपेक्षा मोठा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी खोली चटकन गार करून थांबतो, हवेतला दमटपणा तसाच राहतो, आणि श्रावणात गार पण चिकचिकीत अंथरुणावर कूस बदलत पडावं लागतं.