गेम कन्सोलची अंतर्गत रचना आणि शीतन

गेम कन्सोल हा व्हिडिओ गेम खेळण्यासाठी खास घडवलेला संगणक असून आजच्या कन्सोलच्या पेटीतील बरीच जागा उष्णता बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेने व्यापलेली असते. नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आलेली सोनीचे प्लेस्टेशन ५ व मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स ही यंत्रे आणि ५ जून २०२५ रोजी आलेले निन्टेन्डो स्विच २ यांची अंगे, आकार, वजन आणि आवाज या सर्व गोष्टींवर या गरजेचा मोठा प्रभाव आहे. भारतात प्लेस्टेशन ५ ची विक्री २ फेब्रुवारी २०२१ पासून सुरू झाली. प्रस्तुत नोंदीत या यंत्रांच्या आतील मांडणीचे, तसेच ठाणे व नवी मुंबई यांसारख्या उष्ण, दमट आणि धुळीच्या शहरांत त्या मांडणीवर येणाऱ्या ताणाचे विवेचन केले आहे.

आजच्या कन्सोलमध्ये गणना करणारा प्रोसेसर आणि चित्रे रेखाटणारा प्रोसेसर एकाच चिपवर असतात. प्लेस्टेशन ५ च्या चिपमध्ये एएमडी कंपनीच्या झेन २ रचनेचे ८ गाभे (कोअर, म्हणजे गणना करणारे भाग) कमाल ३.५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेने (कामाच्या वेगाने) चालतात, तर त्याच कंपनीच्या आरडीएनए २ रचनेचे ३६ चित्रण-घटक कमाल २.२३ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातात. सोबत १६ जीबी स्मृती आणि पहिल्या आवृत्तीत खेळ साठवण्यासाठी ८२५ जीबीचा एसएसडी असतो. चिपचे क्षेत्रफळ साधारण ३०० चौ. मिमी., म्हणजे अर्ध्या चौरस इंचाहूनही कमी आहे. मोठा खेळ चालू असताना हे यंत्र भिंतीतल्या प्लगमधून २०० वॅटच्या आसपास वीज घेते व तिचा बराच मोठा भाग या इवल्या चिपमध्येच उष्णतेत रूपांतरित होतो. चिपमधील शक्तिव्यय वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारता वाढवायची तर दाबही वाढवावा लागतो, त्यामुळे वेगातील थोडीशी वाढही उष्णतेच्या रूपाने महाग पडते.

घरगुती कन्सोलांच्या पहिल्या पिढ्यांना पंख्याची गरज नव्हती. निन्टेन्डोचा १९८३ चा फॅमिकॉम आणि सोनीचा १९९४ चा पहिला प्लेस्टेशन हे दोन्ही पंख्याविना चालत. २००० च्या प्लेस्टेशन २ मध्ये पंखा होता आणि पुढे तो कायमचा आला. उष्णतेकडे पुरेसे लक्ष न दिल्यास काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण २००५ च्या एक्सबॉक्स ३६० चे आहे. यंत्र चालू झाले की चिप तापे व बंद झाले की थंड होई. या सततच्या प्रसरण-आकुंचनाने चिपच्या वेष्टनातील सूक्ष्म जोड तुटत आणि यंत्राच्या पुढील बाजूचे लाल दिवे लागून ते निकामी होई. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी हमीचा काळ तीन वर्षांपर्यंत वाढवला आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. त्यानंतरच्या कन्सोलांत शीतनाला आराखड्यातच महत्त्वाचे स्थान मिळाले, त्यामागे या घटनेचा वाटा मोठा आहे.

उष्णतेचा चिपपासून खोलीतल्या हवेपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. चिपवर तांब्याची पट्टी बसते, पट्टीला उष्णतावाहक नळ्या जोडलेल्या असतात, नळ्यांवर शेकडो पातळ पत्र्यांचा हीटसिंक असतो आणि त्या पत्र्यांमधून पंखा हवा ढकलतो. यांतील सर्वांत नाजूक टप्पा पहिला होय. चिप आणि तांबे डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांत हवा अडकते आणि हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. म्हणून तेथे सर्वसाधारणपणे राखाडी किंवा पांढऱ्या रंगाची उष्णतावाहक पेस्ट लावतात. सोनीने प्लेस्टेशन ५ मध्ये पेस्टऐवजी गॅलियम या धातूवर आधारित द्रवधातू वापरला. शुद्ध गॅलियम २९.८ °से. ला वितळतो, इंडियम व कथील मिसळलेली त्याची संमिश्रे याहूनही कमी तापमानाला द्रवरूप राहतात आणि नेहमीच्या पेस्टच्या कित्येक पट चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेतात. लाखोंच्या संख्येने विकल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रात हा पदार्थ घालण्याचा निर्णय धाडसाचा होता, कारण द्रवधातू विजेचाही वाहक आहे. चिपभोवतीच्या सूक्ष्म घटकांवर त्याचा थेंब पडला तर लघुमंडल (शॉर्ट सर्किट) होते. शिवाय गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो, त्यामुळे त्याच्या सान्निध्यात ॲल्युमिनियम वापरता येत नाही. म्हणून प्लेस्टेशन ५ मध्ये चिपच्या चहूबाजूंनी स्पंजासारखा बांध घातला आहे. कंपनीच्या यांत्रिक रचना विभागाचे प्रमुख यासुहिरो ओतोरी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये कन्सोल स्वतः उघडून दाखवताना या एका गोष्टीच्या तयारीला दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे सांगितले होते. कन्सोल उभा ठेवल्यास द्रवधातू खाली सरकतो, अशा तक्रारी पुढे काही दुरुस्ती करणाऱ्यांनी मांडल्या. प्लेस्टेशन ५ प्रो या नंतरच्या यंत्रात द्रवधातू जागच्या जागी राहावा यासाठी त्या भागात बारीक खाचा पाडलेल्या आहेत.

उष्णतावाहक नळी म्हणजे तांब्याची दोन्ही टोके बंद केलेली नळी असून तिच्यातील हवा काढून थोडेसे पाणी भरलेले असते. आतल्या बाजूला वातीसारखे सच्छिद्र अस्तर असते. चिपकडील टोकाशी पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून ते मूळ जागी परत येते. बाष्पीभवनाने उष्णता शोषण्याचे हे तत्त्व माठाचेच आहे. फरक इतकाच की ठाण्याच्या जुलैतील ओल्या हवेत माठातले पाणी फारसे गार होत नाही, तर नळी बंद असल्यामुळे बाहेरच्या आर्द्रतेचा तिच्या कामावर परिणाम होत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत कन्सोल ‘गार होतच नाही’ ही समजूत त्यामुळे बरोबर नाही. येथील खरी अडचण तापमानाची, धुळीची आणि गंजाची आहे.

एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या रचनाकारांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. सुमारे ३० सेंमी. उंच आणि १५ सेंमी. रुंद-लांब अशा उभ्या पेटीत मदरबोर्डचे (सर्व घटक जोडणाऱ्या मुख्य पट्टीचे) दोन तुकडे करून ते पाठीला पाठ लावून बसवले आहेत आणि माथ्यावर १३ सेंमी. व्यासाचा एकच पंखा आहे, जो खालून व मागून आलेली हवा वर खेचून बाहेर सोडतो. चिपवर नळ्यांऐवजी बाष्पकक्ष, म्हणजे त्याच तत्त्वावर चालणारी पण चपटी, रुंद पोकळ पट्टी आहे. तिच्यामुळे उष्णता एका दिशेने न जाता पृष्ठभागभर पसरते. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र १२ सेंमी. व्यासाचा व ४.५ सेंमी. जाडीचा पंखा दोन्ही बाजूंनी हवा आत घेतो आणि ती हीटसिंकमधून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. दोन्ही यंत्रांचे वजन साडेचार किलोच्या आसपास भरते. स्विच २ हातात धरण्याचे यंत्र असल्यामुळे त्याची गरज वेगळी आहे. त्याच्या आत छोटा पंखा आहेच, पण टीव्हीला जोडण्याच्या डॉकमध्येही स्वतंत्र पंखा दिला असून डॉकमध्ये असताना चित्रण-प्रोसेसर सुमारे १००७ मेगाहर्ट्‌झने आणि हातात असताना ५६१ मेगाहर्ट्‌झने चालतो.

तापमान वाढले की फोन किंवा लॅपटॉप आपला वेग कमी करतो, हा अनुभव सर्वांना आहे. कन्सोलमध्ये तसे चालत नाही, कारण नागपूरमध्ये मे महिन्यात आणि लेहमध्ये जानेवारीत खेळणाऱ्याला खेळ सारखाच दिसला पाहिजे. एक्सबॉक्स सिरीज एक्सने यासाठी दोन्ही प्रोसेसरांची वारंवारता स्थिर ठेवली. प्लेस्टेशन ५ मध्ये वारंवारता बदलते, परंतु तिचे नियंत्रण तापमानावरून होत नाही. कन्सोलचे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील व्याख्यानात सांगितल्यानुसार, चिपला ठरावीक शक्ती दिली जाते आणि चिपवर त्या क्षणी किती व कोणते काम चालले आहे यावरून वारंवारता ठरते. प्रत्येक यंत्र एकाच नमुना-चिपच्या हिशोबाने वागते. याचा येथील वापरकर्त्याच्या दृष्टीने अर्थ महत्त्वाचा आहे: खोली कितीही तापली तरी यंत्र तितकीच उष्णता निर्माण करत राहते. ती सोसण्याचा सारा भार पंख्यावर पडतो आणि पंखाही पुरेनासा झाला की यंत्र अतितापाची सूचना देऊन थांबते. हे धोरण खेळाच्या दृष्टीने योग्य आहे, पण त्यामुळे कन्सोल कोठे ठेवला आहे हा प्रश्न तांत्रिक ठरतो.

प्लेस्टेशन ५ साठी वापराच्या जागेचे तापमान ५ ते ३५ °से. दरम्यान असावे, असे सोनीने नमूद केले आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा तसेच नवी मुंबईच्या पारसिक डोंगराकडील भागात मार्च ते मे या महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारचे तापमान अनेकदा ३५ °से. च्या पुढे जाते. उष्णतेचा प्रवाह तापमानातील फरकावर चालत असल्याने, पंख्याचा वेग तोच राहिला तर खोलीचे तापमान १० अंशांनी वाढताच चिपचे तापमानही जवळपास १० अंशांनीच वाढते. पंख्याचा आवाज उन्हाळ्यात वाढतो तो यामुळेच. हे दोष नसून अपेक्षित वर्तन आहे.

येथे हवेचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. २०० वॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १५ अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर दर सेकंदाला ११ ते १२ लिटर हवा यंत्रातून गेली पाहिजे. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या आवृत्तीचे आकारमान साधारण साडेदहा लिटर आहे. म्हणजे दर सेकंदाला स्वतःच्या आकारमानाइतकी हवा हे यंत्र गिळते आणि तापवून बाहेर टाकते. घोडबंदर रस्त्यावरील किंवा खारघर, नेरूळ येथील वन बीएचके सदनिकांमध्ये टीव्ही युनिट बहुधा सुताराकडून भिंतीत बसवून घेतलेले असते आणि धूळ नको म्हणून त्याच्या कप्प्यांना काचेची दारे लावलेली असतात. एक मीटर लांब, ४५ सेंमी. उंच व ४० सेंमी. खोल अशा कप्प्यात १८० लिटर हवा मावते. दार बंद असेल तर ही सगळी हवा पंधरा-सोळा सेकंदांत एकदा कन्सोलमधून फिरते आणि पुढच्या फेरीला ती आधीच तापलेली असते. प्लाय आणि काच उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाहीत. अशा कप्प्यात बाहेर एसी चालू असला तरी आतले तापमान मर्यादा ओलांडते. यंत्राच्या मागे निदान १० सेंमी. मोकळी जागा, पुढून पूर्ण उघडा कप्पा आणि शक्य असल्यास मागच्या प्लायला केबलच्या भोकाऐवजी मोठी खिडकी, एवढे केले तरी बराच फरक पडतो. एक्सबॉक्स सिरीज एक्सची गरम हवा माथ्यावरून निघत असल्यामुळे त्याच्यावर काहीही ठेवू नये आणि बुटक्या कप्प्यात तो उभा कोंबू नये.

कन्सोलमधून निघालेली उष्णता खोलीतच राहते, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. २०० वॅट म्हणजे खोलीत दोन माणसे अधिक बसल्याइतकी उष्णता आणि एक टनी एसीच्या क्षमतेचा सुमारे सहा टक्के भाग. याच उष्णतेचा मोठा अवतार ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातील डेटा सेंटरांमध्ये दिसतो; तेथेही सर्व्हरच्या चिपवर तांबे, पत्रे आणि पंखेच असतात, फक्त बाहेर पडलेली गरम हवा थंड करण्यासाठी इमारतभर यंत्रणा उभी करावी लागते. घरात ते काम खिडकी किंवा एसी करतो.

धूळ हा या शहरांतील दुसरा मोठा शत्रू होय. मेट्रो, उड्डाणपूल आणि टोलेजंग इमारतींची बांधकामे, तसेच पारसिकच्या पायथ्याच्या दगडखाणी यांमुळे हवेत बारीक धूळ असते, आणि पावसाळ्यात ती ओलसर होऊन पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर धरते. हीटसिंकच्या दोन पत्र्यांतील अंतर एक-दोन मिलिमीटरच असल्यामुळे पातळ थरानेही हवेची वाट अडते. प्लेस्टेशन ५ मध्ये यासाठी धूळ साठण्याच्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत. बाजूची पांढरी आवरणे हाताने सरकवून काढता येतात आणि दोन छिद्रांतून व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढता येते. ठाणे-नवी मुंबईत ही सफाई पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा करणे हितावह असते. जोरदार ब्लोअर वापरताना पंख्याची पाती हलू न देता धरावीत, कारण हवेच्या झोताने पंखा अमर्याद वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते.

खाडीलगतच्या कोपरी, वाशी, बेलापूर अशा भागांत खारट ओलावा धातूच्या उघड्या भागांवर आणि पोर्टांवर गंज आणतो. चालू यंत्र गरम असल्याने त्यावर दव धरत नाही. धोका असतो तो बंद यंत्राला: रात्रभर एसीत गार झालेल्या खोलीच्या खिडक्या पावसाळी सकाळी उघडल्या की बाहेरची ओली हवा थंड धातूवर पाणी सोडते. अशा वेळी यंत्र खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ते सुरू करू नये. आठवडे-आठवडे बंद ठेवलेल्या कन्सोलला पावसाळ्यात अधूनमधून तासभर चालवणे त्याच्या आतील भाग कोरडे ठेवण्यास उपयोगी पडते.

साठवण वाढवण्यासाठी प्लेस्टेशन ५ मध्ये एम.२ प्रकारचा एसएसडी घालता येतो. त्याला हीटसिंक असणे आवश्यक असून हीटसिंकसह त्याची एकूण जाडी ११.२५ मिमी. पेक्षा जास्त असू नये. हे काम वापरकर्ता स्वतः स्क्रूड्रायव्हरने करू शकतो. हीटसिंक उचलून चिपपर्यंत जाणे मात्र निराळे. साध्या पेस्टच्या कन्सोलमध्ये पेस्ट पुसून नवी लावणे हे नित्याचे काम आहे. द्रवधातूच्या यंत्रात सांडलेला थेंब शोधून काढणे, बांध शाबूत ठेवणे आणि धातू योग्य प्रमाणात पुन्हा पसरवणे यांसाठी त्या विशिष्ट यंत्राचा अनुभव लागतो. दुरुस्तीला देण्यापूर्वी दुकानदाराने द्रवधातूचे काम पूर्वी केले आहे का आणि तो परत द्रवधातूच घालणार की पेस्ट, हे विचारून घ्यावे.